पोरगं हिशेबात पक्कं, मग गणितात कच्चं का?

आठवडे बाजारात एखाद्या भाजीच्या पालापाशी थोडा वेळ उभे राहून पाहा. आई तराजू धरते आहे आणि शेजारी बसलेले नऊ-दहा वर्षांचे पोर पैसे घेते आहे. अडीच किलो वांगी चाळीस रुपये किलोने, पाव किलो मिरची ऐंशी रुपये किलोने. गिऱ्हाईक पाचशेची नोट पुढे करते. पोर क्षणभर वर बघते, ओठ हलवते आणि तीनशे ऐंशी रुपये परत देते. एका रुपयाचीही चूक नाही.

हेच पोर दुसऱ्या दिवशी शाळेत जाते. फळ्यावर गणित असते : ५०० वजा १२०. पोर पाटीवर उत्तर लिहिते, ४२०. गुरुजी म्हणतात, गणितात कच्चा आहे. बाप म्हणतो, याचे डोके चालत नाही. चार वेळा कानांवर पडले की पोरही तेच म्हणू लागते. तिसरी-चौथीत मनात बसलेली ही भीती पुढे आठवी-नववीत डोके वर काढते. पुष्कळ मुलांची शाळा सुटते ती इथे. तेव्हा आपण म्हणतो, त्याला शिक्षणाची आवडच नव्हती.

शेतकरी बंधू-भगिनींनो, पोराचे डोके चालते. काल बाजारात ते चालताना आपण सर्वांनी पाहिले. घरचा हिशेब आणि शाळेचे गणित या दोन शेतांच्या मधे एक बांध आहे आणि त्या बांधावरून वाट काढून देणारे कोणी नाही, एवढीच अडचण आहे. ती वाट घरच्या घरी कशी काढता येईल, ते या लेखात पाहू.

दूरदेशीही हाच अनुभव

ही तऱ्हा आपल्याच खेड्यांतली नाही. ब्राझील देशात रेसिफे नावाचे मोठे शहर आहे. तेथे रस्त्यावर नारळ, फळे विकणाऱ्या मुलांची काही अभ्यासकांनी परीक्षा घेतली. त्याचा अहवाल १९८५ साली प्रसिद्ध झाला. मुले थोडीच होती, पण निष्कर्ष विचार करायला लावणारा निघाला. विक्री करताना विचारलेल्या हिशेबांपैकी ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. त्याच मुलांना त्याच तऱ्हेची गणिते नुसत्या आकड्यांत घातली, तेव्हा जेमतेम ३७ टक्के बरोबर आली.

त्यांतल्या एका मुलाला दहा नारळांची किंमत विचारली होती. एक नारळ ३५ चा. शाळेत शिकवतात की दहाने गुणायचे तर पुढे शून्य द्या. त्याने तसे केले नाही. तीन नारळांचे १०५, आणखी तिनांचे २१०, आणखी तिनांचे ३१५ आणि राहिलेल्या एकाचे धरून ३५०, असे त्याने सांगितले. उत्तर बिनचूक आले. वाट लांबची, पण स्वतःची.

आपल्या देशातही अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांचा अभ्यास केला. तो २०२५ साली ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात छापून आला. बाजारातली मुले तोंडी हिशेबात तरबेज, पण कागदावरच्या गणितात अडखळणारी निघाली. शाळेत नियमित जाणारी मुले याच्या उलट. वहीतली गणिते त्यांना बरी येत, पण बाजारातला व्यवहार समोर आला की ती गोंधळत. म्हणजे दोन्हीकडची मुले अर्धवटच राहिली. पहिल्यांना लिहिता येईना, दुसऱ्यांना वापरता येईना.

आता घरची स्थिती पाहू. ‘असर’ या नावाने खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन मुलांची पाहणी होते. २०२४ सालच्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील तिसरीच्या मुलांपैकी सुमारे ३४ टक्के मुलांनाच हातच्याची वजाबाकी करता आली. पाचवीच्या मुलांपैकी सुमारे ३१ टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. बाकीची सगळी मुले मंद आहेत, असे कोण म्हणेल?

एक शिवार, अनेक जमिनी

आम्ही शेतीखात्यातली माणसे माती तपासल्याशिवाय खताची मात्रा सांगत नाही. एकाच शिवारात ओढ्याकाठी काळी जमीन असते, माळावर मुरमाड असते, खालच्या अंगाला चोपण असते. तिन्हींना एकच मात्रा दिली तर एक पीक माजेल, दुसरे करपेल, तिसरे उगवणारच नाही.

शाळेच्या एका खोलीतही असेच असते. कोणी अंगणवाडीत दोन वर्षे काढून आलेला, कोणी थेट पहिलीत. कोणाच्या घरी आई दहावी शिकलेली, कोणाच्या घरी अक्षरओळख नाही. कोणी दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेला आणि चैत्रात परत आलेला. कोणाच्या घरची भाषाच वेगळी. कोणाला फळ्यावरचे नीट दिसत नाही. पुस्तक मात्र सर्वांना एकच आणि पानही एकच. त्यातून अनेक शाळांत दोनच शिक्षक चार-पाच वर्ग सांभाळत असतात. प्रत्येक पोराचा पाय नेमका कोणत्या पायरीवर अडला आहे, हे एकट्या गुरुजींना कसे कळावे?

गणित हे जिन्यासारखे आहे. एक पायरी निखळली तर वरच्या पायऱ्यांवर पाय ठरत नाही. भागाकार येत नाही म्हणून पोराला भागाकारच घोकायला लावला तर उपयोग नाही, कारण अडचण बहुतेक वेळा खाली वजाबाकीत असते आणि वजाबाकीची अडचण त्याहून खाली, दशक-एककात असते. म्हणून आधी अडले कोठे ते पाहावे आणि तेथून चढायला लागावे.

बेचाळीस की चोवीस?

पहिली-दुसरीच्या पोराला ‘बेचाळीस’ लिहायला सांगा. पुष्कळ मुले २४ लिहितात. आपण रागावतो. पण जरा शब्द कानांनी ऐका. बेचाळीस म्हणताना ‘बे’ आधी येतो आणि ‘चाळीस’ मागून. लिहिताना मात्र ४ आधी आणि २ मागून. पोराने जसे ऐकले तसे लिहिले. त्यात भर म्हणजे एकोणतीस, एकोणचाळीस. बोलताना तीस म्हणायचे आणि लिहिताना २ ने सुरुवात करायची. पुढे त्र्याहत्तर, त्र्याण्णव असे जीभ अडखळवणारे शब्द. शेजारच्या कन्नड आणि तेलुगू भाषांत वीस आधी आणि एक मागून म्हणतात, म्हणून त्या मुलांना हा उलटापालटीचा त्रास नाही.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’ च्या जोडीला ‘वीस एक’ असे वाचन आले, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. विधानसभेतही त्यावर बोलणे झाले. त्या वेळी गणित विषयाच्या समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर होत्या. या विदुषी २०२३ साली निवर्तल्या. जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची अडचण लहान मुलांना जाचते, म्हणून ही सोय आहे आणि जुनी नावे काढून टाकलेली नाहीत, असे त्यांनी समजावून सांगितले होते. कोणाला ती पद्धत पटो वा न पटो, त्यांनी दाखवलेली अडचण खरी आहे.

घरी काय करावे? दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधून ठेवाव्यात आणि थोड्या सुट्या काड्या ठेवाव्यात. तुरीच्या काड्या चालतील, ज्वारीच्या धांड्यांचे तुकडे चालतील. ‘बेचाळीस दे’ म्हटले की पोराने चार जुड्या आणि दोन काड्या पुढे कराव्यात. मग तोंडाने म्हणावे, ‘चाळीस आणि दोन, बेचाळीस’. मग लिहावे. आधी हात, मग तोंड, मग पाटी, असा क्रम ठेवावा. ‘एकोणपन्नास’ साठी पाच जुड्या पुढे करून त्यांतली एक काडी काढून घ्यावी. ‘एकोण’ म्हणजे एक उणा, हे मग सांगावे लागत नाही. पंधरा दिवस रोज दहा मिनिटे हा खेळ केला की २४ आणि ४२ चा गोंधळ बहुतेक मुलांचा जातो.

हातचा म्हणजे दहाची नोट मोडणे

आता सुरुवातीच्या त्या ४२० कडे येऊ. पोराने ५०० मधून १२० वजा करताना काय केले? शून्यातून शून्य गेले, शून्य. मधल्या घरात शून्यातून दोन जाईनात, म्हणून त्याने उलटे केले, दोनातून शून्य काढले आणि दोन लिहिले. पाचातून एक गेला, चार. ‘मोठ्यातून लहान काढायचा’ एवढेच त्याला कळले आहे. ४२ मधून १७ काढायला सांगा, ते ३५ म्हणेल. ही चूक आळसाची नाही. हातचा म्हणजे काय, हे त्याला उमगलेले नाही एवढेच.

आता त्याच्या हातात दहाच्या चार नोटा आणि एक-एक रुपयाची दोन नाणी द्या. म्हणावे, मला सतरा रुपये दे. ते दहाची एक नोट देईल. राहिले सात. सुटी नाणी दोनच. पोर आपणहून म्हणेल, ‘दहाची मोड करू’. एक नोट मोडून दहा नाणी घेतली, झाली बारा. त्यांतून सात दिली, उरली पाच. नोटा उरल्या दोन. म्हणजे पंचवीस. आता हेच पाटीवर लिहून दाखवावे : दशकाच्या घरातला ४ खोडून ३ केला, एककाच्या घरात १२ झाले. ‘हातचा घेतला’ म्हणजे दहाची नोट मोडली, हे एकदा ध्यानात बसले की आयुष्यभर सुटत नाही. मग शंभराच्या नोटेची मोड दहाच्या नोटांनी करावी आणि ५०० वजा १२० हेही करून पाहावे.

एक गोष्ट येथे मुद्दाम सांगतो. पूर्वी पोराला दुकानात धाडले की हिशेब आपोआप होई. आता पुष्कळ व्यवहार मोबाईलवरून होतात. पोर पुडा घेऊन येते, पैसे मोबाईलवरून जातात. नोटा-नाणी त्याच्या हातांतून जातच नाहीत. सोय झाली हे खरे, पण एक शाळा बंद झाली. म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा तरी पोराच्या हातात रोख पैसे द्यावेत, सामान आणि मोड आणायला सांगावे आणि आल्यावर विचारावे, किती परत आले आणि का?

भागाकारही याच नोटांनी शिकवता येतो. ७२ रुपये चौघांत वाटायचे. दहाच्या सात नोटा आणि दोन नाणी. प्रत्येकाला एक-एक नोट दिली, तीन नोटा उरल्या. त्या मोडल्या, तीस नाणी झाली, दोन आधीची, बत्तीस. प्रत्येकाला आठ. मिळाले अठरा-अठरा. वहीतला भागाकार पायरी-पायरीने हेच करतो. वाटणी घरात रोज होते, शब्द तेवढा शाळेचा वापरायचा.

पाढे वाफ्यात दाखवा

पाढे पाठ असावेत, याबद्दल दुमत नाही. पण ‘साती आठे’ विसरले की कित्येक मुले हात टेकतात, कारण त्यांच्यासाठी पाढा म्हणजे नुसती ओळ आहे. रोपांच्या वाफ्यात त्यांना उभे करा. सात ओळी, प्रत्येक ओळीत आठ रोपे. पाच ओळींची रोपे किती? चाळीस. राहिलेल्या दोन ओळींची सोळा. झाली छपन्न. विसरलेला पाढा मोडून-जोडून परत मिळवता येतो, हे कळले की त्याची भीती संपते. घरात कोंबड्या असतील तर अंड्यांचा ट्रे घ्या. पाच ओळी, सहा-सहाच्या, तीस. ट्रे आडवा फिरवला की सहा ओळी, पाच-पाचच्या. तरी तीसच. पाच सक तीस आणि सहा पाचे तीस एकच का, हे पोराला डोळ्यांनी दिसते.

पाचवीच्या मुलांसाठी गुंठ्याचे गणित फार चांगले. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा. दोरीने मोजून चार खुंट्या ठोका. आत किती चौरस फूट? ३३ चे ३० आणि ३ असे दोन भाग पाडा. ३० गुणिले ३० म्हणजे ९००. ३० गुणिले ३ म्हणजे ९०, हा पट्टा दोन बाजूंना, म्हणून १८०. कोपऱ्यात ३ गुणिले ३, ९. एकूण १०८९. असे ४० गुंठे म्हणजे एकर, ४३,५६० चौरस फूट. उद्या हेच पोर सातबारा हातात घेईल तेव्हा हेक्टर आणि आर वाचताना ते बिचकणार नाही. मात्र एक खबरदारी घ्या. शेतातले सगळे मोजमाप मुलांना दाखवा, फवारणीच्या औषधांचे मात्र नको. त्याचे गणित हवे तर वहीत करावे, औषधाजवळ मुलांना फिरकू देऊ नये.

भाकरीचा चतकोर, दुधाची पावती

तिसरी-चौथीत अपूर्णांक येतात आणि पोर म्हणते, एक-चतुर्थांशापेक्षा एक-अष्टमांश मोठा, कारण आठ हे चारापेक्षा मोठे. भाकरी घ्या. एकीचे चार तुकडे करा, दुसरीचे आठ. भुकेल्या पोराला विचारा, तुला यांतला एक तुकडा घ्यायचा आहे, कोणता घेशील? उत्तर चुकणार नाही. मग विचारावे, आता पाटीवर कोणता मोठा?

या कामात आजोबा-आजी फार उपयोगी. जुन्या लोकांना पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी पाठ असत. ते पाढे आणे-पै आणि शेर-पायलीच्या काळातले. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले, पुढे किलो-लिटर आले आणि ते पाढे मागे पडले. ते आता घोकायला लावा असे मी म्हणत नाही. पण पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द आपल्या भाषेत जिवंत आहेत आणि ते सगळे अपूर्णांकच आहेत. आजोबांनी नातवाला विचारावे, सव्वाशे म्हणजे किती? अडीचशे? पाऊणशे? असे विचारायला पैसा लागत नाही.

दशांश अपूर्णांकासाठी दुधाची पावती घ्या. ४.५ लिटर आणि ४.०५ लिटर यांत फरक काय? पुष्कळ मुलांना दोन्ही सारखेच वाटतात आणि खरे सांगायचे तर काही मोठ्यांनाही. ४.५ म्हणजे चार लिटर ५०० मिलिलिटर आणि ४.०५ म्हणजे चार लिटर ५० मिलिलिटर. फरक ४५० मिलिलिटरचा. समजा दुधाचा भाव चाळीस रुपये लिटर आहे. रोज अठरा रुपये झाले. महिन्याचे तीस दिवस धरले तर ५४० रुपये. एका शून्याची किंमत पोराला अशी सांगावी. रोजची पावती त्याने वाचून वहीत उतरावी, महिन्याची बेरीज करावी आणि डेअरीच्या बिलाशी ताडून पाहावी. घरचा हिशेब राहील आणि शाळेचे गणितही होईल.

ज्यांची भाषा वेगळी, ज्यांचे गाव फिरते

मेळघाटात कोरकू बोलणारी मुले आहेत, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, नंदुरबारच्या डोंगरात भिली आणि पावरी. कोरकू आणि गोंडी या भाषा तर मराठीच्या कुळातल्याही नाहीत. अशा मुलाला गणित येत नाही असे वाटते तेव्हा पुष्कळदा त्याला प्रश्नच कळलेला नसतो. ‘पेक्षा किती कमी’, ‘प्रत्येकी’, ‘उरले’ हे शब्द त्याला परके असतात. त्याला आपल्या भाषेत मोजू द्यावे, वस्तू हाताळू द्याव्यात आणि मग मराठी शब्द जोडून द्यावा. वर्गात त्याच्या भाषेचे थोडे मोठे मूल असेल तर त्याला शेजारी बसवावे. मराठवाड्यातून, खानदेशातून परमुलखात गेलेल्या आपल्या मुलांनाही परक्या भाषेच्या शाळेत असेच होते, हे लक्षात ठेवावे.

ऊसतोडीच्या कुटुंबांचे दुःख वेगळे. बीड आणि आसपासच्या भागांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि हंगाम संपल्यावर उन्हाळ्यात परततात. शाळेचे अर्धे वर्ष बुडते आणि नेमकी मधली पायरी निखळते. गावात आजी-आजोबा असतील आणि हंगामी वसतिगृहाची सोय असेल तर मूल मागे ठेवणे उत्तम. न्यावेच लागले तर निघण्यापूर्वी शाळेतून शिक्षण हमी पत्रक घ्यावे, म्हणजे जेथे जाल तेथल्या शाळेत मुलाला बसता येते. त्याबरोबर गुरुजींना एक विचारावे, याचे गणित कोठपर्यंत झाले आहे आणि पुढे काय येणार आहे? ते एका कागदावर लिहून घ्यावे. थळात दिवसाच्या मोळ्या मोजणे, त्यांचे दहा-दहाचे गट करणे, उचलीतून किती फिटले ते मांडणे, एवढे जरी मुलाने वहीत केले तरी पाटी कोरी राहत नाही.

मुलगी, डोळे आणि समजूत

‘मुलीच्या जातीला गणित कशाला’ असे अजूनही कोठे कोठे ऐकू येते. बचत गटाचे पुस्तक, बँकेचा हप्ता, दुधाचा हिशेब हे सगळे घरोघर बाया सांभाळतात. धाकट्या भावंडाला राखायला मुलीलाच घरी ठेवले की तिचे गणित मागे पडते आणि मग आपणच म्हणतो, मुलींना गणित जमत नाही. आईने मुलीसमोर ‘मलाही गणित कधी आले नाही’ असे म्हणू नये. ते वाक्य मुलगी पदरात बांधून घेते.

फळ्यावरचे आकडे चुकीचे उतरवणाऱ्या मुलाचे डोळे आधी तपासून घ्यावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, तेव्हा त्या दिवशी मूल हजर ठेवावे. ऐकायला कमी येत असेल तर पुढच्या रांगेत बसवावे. आणि काही थोडी मुले अशी असतात, की बाकी विषयांत ठीक, पण आकडा म्हटला की कितीही समजावले तरी गोंधळ कायम. ही गणनाची एक खरीखुरी अक्षमता आहे आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिला स्थान आहे. अशा मुलाला शिक्षा करू नये. गुरुजींना आणि तालुक्याच्या गटसाधन केंद्रात विचारून तपासणी करून घ्यावी. त्याला सवलती मिळू शकतात.

आम्हांला येत नाही, शिकवणार काय?

ही शंका पुष्कळ आई-बापांच्या मनात असते. त्यांना माझे सांगणे एवढेच, की शिकवायचे गुरुजींनी, आपण विचारायचे. उत्तर बरोबर असो वा चूक, एकच प्रश्न विचारा : ‘तू हे कसे केलेस?’ पोर सांगू लागते आणि सांगता सांगता स्वतःची चूक स्वतःच पकडते. त्यासाठी आई-बापाला गणित यावे लागत नाही, कान द्यावा लागतो.

बाकी पथ्ये थोडी आहेत. उत्तर चुकले म्हणून हात उगारू नये, भ्यालेले डोके हिशेब विसरते. शेजारच्या पोराशी तुलना करू नये. ‘ढ’ हा शब्द घरात उच्चारू नये. घाई करू नये, बोटांवर मोजत असेल तर मोजू द्यावे, बोटे आपोआप सुटतात. आणि रोज पंधरा मिनिटे द्यावीत. आठवड्यातून एकदा दोन तास बसवण्यापेक्षा रोजची पंधरा मिनिटे बरी. ठिबकचे पाणी आणि पाटाचे पाणी यांतला फरक तुम्हांला सांगायला नको.

घरचा हिशेब आला की पाटीवर लिहून घ्यायला मात्र विसरू नये. नुसते तोंडी राहिले तर बांध तसाच राहतो. बाजारातून आल्यावर ‘आता हे वहीत कसे मांडशील?’ आणि शाळेतून आल्यावर ‘हे गणित आपल्या घरात कोठे लागते?’ असे दोन्ही बाजूंनी विचारावे.

शाळेच्या बैठकीत हे विचारा

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या सभासद स्त्रिया असतात. बैठकीत कुंपण, पत्रे, रंग यांवर बोलणे होते. ते हवेच. पण एक प्रश्न जरूर घालावा, की आपल्या शाळेत तिसरीच्या किती मुलांना हातच्याची वजाबाकी येते? २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचे उद्दिष्टच हे आहे, की तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन आणि मूलभूत गणित यावे.

मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने एक पद्धत घालून दिली आहे. दिवसातला थोडा वेळ मुले इयत्तेप्रमाणे न बसवता, ज्याला जेथपर्यंत येते त्या पायरीप्रमाणे बसवायची. संख्या ओळखणारे एका गटात, वजाबाकीशी झगडणारे दुसऱ्या गटात. वर उल्लेख केलेले बॅनर्जी आणि डफ्लो यांनी या पद्धतीची निरनिराळ्या राज्यांत पारख केली आणि ती नीट राबवली तर मुले पुढे सरकतात असे त्यांना आढळले. या दोघांना २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या गुरुजींना आणि बाईंना अशी मोकळीक मिळावी, गावातली बारावी-पदवी झालेली मुले-मुली आठवड्यातून दोन दिवस हाताशी यावीत, एवढे समितीला करता येईल. गुरुजींशी भांडून हे होणार नाही, त्यांच्या बाजूला उभे राहून होईल.

पेरणीला घात साधावी लागते. घात गेली की तेच बियाणे, तेच खत, पण उगवण होत नाही. पहिली ते पाचवी ही गणिताची घात आहे. यंदा आपल्या घरातले पोर त्या वयात असेल तर आज रात्री जेवणानंतर दहाच्या चार नोटा आणि दोन नाणी त्याच्या हाती ठेवा आणि म्हणा, मला सतरा रुपये दे पाहू.